रक्ताच्या कर्करोगाचे संशोधन आणि रुग्णांचा हक्क : महाराष्ट्रातील ना-नफा संस्थांच्या कार्याचा एक अभ्यास

बीजशब्द : विश्वस्त निधी, कर्करोग नोंदणी, पेटंट, रुग्णहक्क, हितसंबंध

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यातील एखाद्या कुटुंबात रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले की त्या कुटुंबाची पावले आजही बहुधा परळकडे वळतात. नाशिक शहरात उपचारांच्या सोयी वाढल्या असल्या, तरी टाटा स्मारक रुग्णालयावरील लोकांचा विश्वास कायम आहे. मुंबईत उतरल्यावर पहिला प्रश्न मुक्कामाचा असतो. दादर येथील गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा किंवा परळ येथील नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन अशा ठिकाणी अनेकांना आसरा मिळतो. गोदाकाठी गाडगेबाबांनी उभारलेली धर्मशाळा नाशिककरांच्या परिचयाची आहे. यात्रेकरूंसाठी निर्माण झालेली ही परंपरा पुढे रुग्णांच्या उपयोगी पडली, ही बाब लक्षणीय होय.

रुग्णाच्या नातेवाइकांना या संस्था प्रत्यक्ष दिसतात, म्हणून त्यांच्याविषयी कृतज्ञताही व्यक्त होते. परंतु रुग्णाच्या हाती पडणाऱ्या गोळीमागे ज्या संस्थांचे कार्य असते, त्या बहुधा दृष्टीआड राहतात. त्या औषधाला जन्म देणाऱ्या संशोधनासाठी पैसा कोणी पुरविला? त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात राहावी म्हणून कोण झगडले? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना रोगसंशोधनास अर्थसाहाय्य करणाऱ्या आणि रुग्णांची बाजू मांडणाऱ्या ना-नफा संस्थांचा विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात रक्ताच्या कर्करोगाचे उदाहरण मध्यवर्ती ठेवून महाराष्ट्रातील अशा संस्थांच्या कार्याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. संशोधनाला पैसा देणे आणि रुग्णाच्या हक्कासाठी उभे राहणे ही दोन स्वतंत्र कार्ये नसून एकाच कार्याची दोन टोके आहेत, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

संस्थांचे स्वरूप व वर्गीकरण

महाराष्ट्रात अशा संस्थांची नोंदणी प्रामुख्याने १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम यांखाली होते. काही संस्था कंपनी कायद्यातील ना-नफा कंपन्यांसाठीच्या तरतुदीनुसारही स्थापन होतात. कायदेशीर स्वरूप कोणतेही असले, तरी नफा सभासदांत वाटून घेता येत नाही, हे तत्त्व सर्वांना समान आहे.

कार्याच्या दृष्टीने त्यांचे चार प्रकार पाडता येतात. निवास, भोजन व औषधे पुरविणाऱ्या रुग्णसेवा संस्था हा पहिला प्रकार. संशोधनास पैसा देणारे विश्वस्त निधी हा दुसरा. रोगाची पाहणी करून त्याची नोंद ठेवणाऱ्या संस्था हा तिसरा आणि शासन, न्यायालय व औषध कंपन्या यांच्यापुढे रुग्णांची बाजू मांडणाऱ्या संस्था हा चौथा. प्रत्यक्षात एकच संस्था यांपैकी दोन-तीन कामे करीत असते. तथापि विवेचनाच्या सोयीसाठी हे वर्गीकरण उपयुक्त ठरते.

जागतिक पातळीवर या प्रकारच्या संस्थांचे सर्वाधिक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील पोलिओविरोधी प्रतिष्ठानाचे आहे. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये स्थापन झालेल्या या प्रतिष्ठानाने सामान्य नागरिकांकडून नाणी गोळा केली आणि त्या पैशातून योनास सॉल्क यांच्या संशोधनास बळ दिले. १९५५ मध्ये सॉल्क यांची लस वापरात आली. परंतु त्याही आधी, १९३२ मध्ये, मुंबईत अशाच उद्देशाने एक निधी उभा राहिला होता, याची जाणीव आपल्याकडे फारशी नाही.

संशोधनास पैसा : लेडी टाटा स्मारक निधी

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये ल्युकेमियाने निधन झाले. त्या काळी या रोगावर परिणामकारक असा कोणताही उपचार नव्हता. पत्नीच्या निधनानंतर दोराबजींनी १९३२ च्या मार्चमध्ये आपल्या संपत्तीचा मोठा विश्वस्त निधी निर्माण केला आणि एप्रिलमध्ये मेहेरबाईंच्या स्मरणार्थ लेडी टाटा स्मारक निधी स्थापन केला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्यांचेही निधन झाले.

या निधीची रचना अभ्यासण्याजोगी आहे. त्याच्या उत्पन्नाचा चार-पंचमांश भाग ल्युकेमियावरील आंतरराष्ट्रीय संशोधनासाठी आणि उरलेला एक-पंचमांश भाग मानवी दुःख निवारणाशी संबंधित अशा भारतातील वैज्ञानिक संशोधनासाठी राखून ठेवण्यात आला. पारतंत्र्यातील देशातील एक उद्योगपती जगभरच्या शास्त्रज्ञांना शिष्यवृत्त्या देण्याची व्यवस्था करतो, ही घटना असाधारण होती. त्यामागील विचारही स्पष्ट होता. ज्ञानाला देशाच्या सीमा नसतात. रोगाचे मूळ कोठेही उलगडले तरी त्याचा लाभ सर्वांना होईल, अशी ती धारणा होती. हा लाभ आपोआप सर्वांपर्यंत पोहोचतो का, हा प्रश्न मात्र त्या काळी उद्भवला नव्हता.

टाटा विश्वस्त निधीतूनच २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचे कर्करोगाच्या पेशीविषयक संशोधनही याच केंद्रात बहरले. १९५७ मध्ये रुग्णालय केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. त्या विभागाचे प्रमुख डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे होते. १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन केंद्र यांचे एकत्रीकरण होऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. खाजगी विश्वस्त निधीने बीज पेरावे आणि शासनाने त्याचा वृक्ष सांभाळावा, असा हा क्रम आहे. विश्वस्त निधीची खरी शक्ती धोका पत्करून प्रारंभ करण्यात असते. दीर्घकालीन भार पेलण्याचे सामर्थ्य बहुधा शासनाकडेच असते.

नोंदणीचे मोल : मुंबई ते बार्शी

संशोधनासाठी पैशाइतकीच माहितीची आवश्यकता असते. एखाद्या प्रदेशात कोणता कर्करोग किती जणांना होतो, कोणत्या वयात होतो, किती रुग्ण दगावतात, हे ठाऊक नसेल तर धोरण आखता येत नाही. डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने हे ओळखले. या संस्थेने १९६३ मध्ये मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारित अशी ही भारतातील पहिली नोंदणी होय. पुढे पुणे, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूर येथेही तिचा विस्तार झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आकारास आला. म्हणजे एका ना-नफा संस्थेने शासकीय यंत्रणेच्या कितीतरी आधी हे काम हाती घेतले होते.

नागरी भागातील नोंदणी तुलनेने सोपी असते, कारण रुग्ण रुग्णालयात येतो. ग्रामीण भागात अनेक रुग्ण निदानाविनाच मरण पावतात. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाशी संलग्न असलेल्या या उपक्रमाने बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांत कार्यकर्ते पाठविले. रुग्ण येण्याची वाट न पाहता गावोगाव जाऊन लोकांशी बोलणे, लक्षणे समजावून सांगणे आणि संशयितांना तपासणीसाठी आणणे, ही तिची कार्यपद्धती होती. नोंदणी हे केवळ आकडेमोडीचे काम नाही, हे बार्शीने दाखवून दिले. ज्याची नोंद नाही त्याचे दुःख शासनदरबारी अस्तित्वातच नसते. या अर्थाने नोंदणी हीसुद्धा रुग्णाची बाजू मांडण्याची एक रीत आहे.

रुग्णांची बाजू : ग्लिव्हेक प्रकरण

ल्युकेमियाच्या संशोधनाचे पुढील टप्पे अमेरिकेत व युरोपात घडले. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया या प्रकारात रुग्णांच्या पेशींत एक विशिष्ट असामान्य गुणसूत्र आढळते, हे १९६० मध्ये फिलाडेल्फिया येथे लक्षात आले. दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते तयार होते, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखविले. या अदलाबदलीतून एक सदोष प्रथिन निर्माण होते आणि ते पेशींना अनिर्बंध वाढण्याचा आदेश देत राहते. त्या प्रथिनालाच रोखणारे इमॅटिनिब हे औषध नोव्हार्टिस कंपनीने विकसित केले आणि २००१ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. या औषधाचा रुग्णांवरील उपयोग सिद्ध करणाऱ्या डॉ. ब्रायन ड्रुकर यांच्या संशोधनास ल्युकेमिया अँड लिम्फोमा सोसायटी या अमेरिकी ना-नफा संस्थेचे साहाय्य लाभले होते. लेडी टाटा निधीच्या पैशातून हे औषध निघाले, असे म्हणता येणार नाही. विज्ञान अनेक हातांनी व अनेक दशकांत घडते. मात्र त्या अनेक हातांत सार्वजनिक आणि धर्मादाय पैशाचा वाटा मोठा होता, हे निश्चित.

पूर्वी काही वर्षांत मृत्यू ओढवणारा हा रोग आता रोज गोळी घेऊन आटोक्यात ठेवता येऊ लागला. परंतु ही गोळी बहुतेक रुग्णांना वर्षानुवर्षे घ्यावी लागते. त्यामुळे तिची मासिक किंमत हाच जीवन-मरणाचा प्रश्न ठरतो. ग्लिव्हेक या नावाने विकल्या जाणाऱ्या मूळ औषधाचा खर्च भारतात महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये होता. भारतीय कंपन्यांचे तेच औषध सुमारे ८,००० ते १०,००० रुपयांत मिळत असे. २००३ मध्ये नोव्हार्टिसला भारतात विक्रीचा अनन्य अधिकार मिळाला आणि काही भारतीय कंपन्यांना आपले उत्पादन थांबवावे लागले.

या टप्प्यावर मुंबईतील कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था पुढे आली. १९६९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मूलतः रुग्णसेवेचे काम करीत होती. औषधे, तपासण्या, समुपदेशन व पुनर्वसन असे तिचे स्वरूप होते. औषधच आवाक्याबाहेर गेले तर सेवेला अर्थ उरत नाही, हे जाणून तिने ग्लिव्हेकच्या पेटंट अर्जास चेन्नईच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेने तिची कायदेशीर बाजू सांभाळली. २००५ मध्ये दुरुस्त झालेल्या पेटंट कायद्यातील कलम ३(ड) हा या वादाचा गाभा होता. ज्ञात पदार्थाचे केवळ नवे रूप तयार केल्यास, त्याची परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाल्याखेरीज पेटंट देता येणार नाही, असे हे कलम सांगते. नोव्हार्टिसचा अर्ज इमॅटिनिबच्या क्षाराच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी होता.

जानेवारी २००६ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कलम ३(ड) च्या घटनात्मक वैधतेस दिलेले आव्हान मद्रास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००७ मध्ये नाकारले. २००९ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळाने पेटंट देण्यास नकार दिला आणि अखेर १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचे अपील फेटाळले. औषधाच्या संदर्भात परिणामकारकता याचा अर्थ रोग बरा करण्याची परिणामकारकता असाच होतो, हा या निकालाचा सारांश होय.

येथे दुसरी बाजूही नमूद करणे न्याय्य ठरेल. कंपनीने हजारो भारतीय रुग्णांना हे औषध विनामूल्य पुरविले होते आणि संशोधनावरील खर्च भरून येण्यासाठी पेटंट आवश्यक आहे, असे तिचे म्हणणे होते. पेटंटच्या आशेवर खाजगी भांडवल संशोधनात येते, हे नाकारता येणार नाही. तथापि दान आणि हक्क यांत मूलभूत भेद आहे. दान देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते आणि ते केव्हाही थांबू शकते. हक्काच्या बाबतीत रुग्णाला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. रुग्णसेवेतून रुग्णहक्काकडे झालेला एका संस्थेचा हा प्रवास म्हणून मोलाचा वाटतो.

या निकालाने घालून दिलेली वाट पुढेही उपयोगी पडली. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटची मुदत वाढविणाऱ्या अर्जास २०१९ मध्ये नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा टिसिले या दोघींनी हरकत घेतली. क्षयरोगावरील जुन्या औषधांच्या दुष्परिणामामुळे दोघींनी श्रवणशक्ती गमावली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. रुग्ण स्वतःच आपली बाजू मांडणारा पक्षकार होऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

निधी आणि निष्ठा : काही प्रश्न

ना-नफा संस्थांचे कार्य गौरवास्पद असले, तरी त्यांची चिकित्सा टाळता येत नाही. पहिला प्रश्न पैशाच्या स्रोताचा आहे. अमेरिकेतील १०४ मोठ्या रुग्णसंस्थांच्या अभ्यासात किमान ८३ टक्के संस्थांना औषध व वैद्यकीय उपकरण कंपन्यांकडून पैसा मिळत असल्याचे २०१७ मध्ये दिसून आले. जिच्याकडून देणगी येते त्या कंपनीच्या किमतींविरुद्ध संस्था कितपत बोलू शकेल, ही शंका रास्त आहे.

दुसरा प्रश्न निधी देताना घालावयाच्या अटींचा आहे. अमेरिकेतील सिस्टिक फायब्रोसिस प्रतिष्ठानाने एका औषध कंपनीच्या संशोधनात पैसा गुंतविला. त्यातून २०१२ मध्ये परिणामकारक औषध आले. परंतु त्याची वार्षिक किंमत सुमारे ३ लाख डॉलर ठेवण्यात आली. २०१४ मध्ये प्रतिष्ठानाने आपले स्वामित्वशुल्काचे हक्क ३.३ अब्ज डॉलरला विकले. तो पैसा पुन्हा संशोधनात वापरता आला, हे खरे. परंतु किमतीविषयीची अट प्रारंभीच घातली असती तर काय झाले असते, हा प्रश्न उरतोच.

तिसरा प्रश्न संशोधनात सहभागी होणाऱ्यांचा आहे. तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक मोठा अभ्यास केला. गेट्स प्रतिष्ठानाच्या अर्थसाहाय्याने झालेल्या या अभ्यासात ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. विषाणूसाठी एकदा केलेल्या चाचणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरच्या धोरणांसाठी तो महत्त्वाचा ठरला. परंतु तुलनेसाठी निवडलेल्या गटातील स्त्रियांना तपासणी देण्यात आली नव्हती. हे योग्य होते का, यावर वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासकांत पुढे तीव्र वाद झाला. त्या भागात तपासणीची व्यवस्थाच नव्हती, त्यामुळे कोणाचे काही हिरावले गेले नाही, असे एक मत. उपयुक्त उपाय माहीत असताना तो न देणे अनुचित, असे दुसरे. या वादात शास्त्रज्ञ बोलले, नीतितज्ज्ञ बोलले. त्या गावांतील स्त्रियांच्या वतीने बोलणारी त्यांची स्वतःची संघटना मात्र नव्हती. संशोधनास निधी देणारी संस्था असणे पुरेसे नाही, तिच्या जोडीला रुग्णांचा आवाज असावा लागतो, हे यावरून स्पष्ट होते.

नाशिक व महाविद्यालयांची भूमिका

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिक येथे आहे. त्यामुळे आरोग्यविषयक विचारमंथनाचे केंद्र होण्याची संधी या शहराला लाभली आहे. परंतु हा विषय केवळ वैद्यकीय महाविद्यालयांचा नाही. विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना पेटंट अर्जावरील हरकतीची प्रक्रिया प्रत्यक्ष उदाहरणांवरून शिकविता येईल. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. २०२४ च्या नियमदुरुस्तीने त्यासाठी शुल्क व प्राथमिक छाननी आली आहे, याचाही अभ्यास व्हावा. वाणिज्य शाखेतील विद्यार्थ्यांनी धर्मादाय संस्थांचे लेखापरीक्षित हिशेब वाचून देणगीचे स्रोत तपासावेत. संख्याशास्त्र विभागांना नोंदणीच्या आकडेवारीचे विश्लेषण करता येईल. समाजशास्त्र व मराठी विभागांनी रुग्णांची कथने संकलित केल्यास आकड्यांत न मावणारे सत्य हाती येईल.

निष्कर्ष

१. विश्वस्त निधी प्रारंभीचा धोका पत्करून संशोधनाची पायवाट तयार करू शकतात. तिचा हमरस्ता करण्यासाठी शासनाचा सहभाग आवश्यक असतो.

२. रोगाची नोंदणी हे संशोधनाचे साधन आहे, तसेच रुग्णांचे अस्तित्व मान्य करून घेण्याचेही साधन आहे.

३. संशोधनाचे फलित रुग्णांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्यासाठी कायद्याची जाण असलेल्या रुग्णसंस्थांची गरज असते.

४. संशोधनास अर्थसाहाय्य देतानाच औषधाची उपलब्धता व किंमत यांविषयीच्या अटी घालणे इष्ट होय.

५. रुग्णसंस्थांनी आपल्या देणगीदारांची माहिती जाहीर करणे त्यांच्याच विश्वासार्हतेसाठी हितावह आहे.

समारोप

ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात विकसित झालेल्या पहिल्या कार-टी पेशी उपचारास मान्यता मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांवरील हा उपचार मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून साकारला. परदेशातील खर्चाच्या तुलनेत तो सुमारे एक-दशांश किमतीत उपलब्ध झाला, तरीही सुरुवातीला त्याचा खर्च ४० लाख रुपयांच्या घरात जात होता. मेहेरबाईंच्या काळात ज्या रोगावर उपायच नव्हता, त्यावर त्याच शहरात असा उपचार तयार व्हावा, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु नाशिकजवळच्या एखाद्या गावातील द्राक्ष उत्पादकाला किंवा औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराला ही रक्कम उभी करता येणार नाही. उपाय नसणे आणि असलेला उपाय न परवडणे, यांत रुग्णाच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. दोराबजींनी पहिल्या अडचणीसाठी निधी उभारला, तर कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने दुसऱ्या अडचणीसाठी न्यायालयाची पायरी चढली. यापुढील काळात ही दोन्ही कामे एकमेकांना धरून चालली, तरच संशोधनाचा पैसा सार्थकी लागला असे म्हणता येईल.